‘शॉर्ट बेडला स्लायडर लागत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझा धाकटा चुलतभाऊ ह्यूस्टनला असतो. गेल्या आठवड्यात त्याने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, वाच. स्लायडरचे पैसे वाचले." हा मेसेज आमच्या कॅम्पिंगच्या गटात आधीच दोनदा येऊन गेला होता, आणि मी दोन्ही वेळा गप्प बसलो. आता घरातलाच माणूस त्यावर विसंबून ऑर्डर द्यायला निघालाय, तेव्हा बोलणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं असं: शॉर्ट बेड, म्हणजे मागचा सामानाचा हौदा आखूड असलेल्या पिकअपला फिफ्थ व्हील ट्रेलर (ज्याचं नाक त्या हौद्यावर येतं असा राहण्याचा ट्रेलर) जोडायला साधा फिक्स्ड हिच, म्हणजे जागचा न हलणारा जोड पुरतो; वळताना मागे सरकवता येणारा हिच, म्हणजे स्लायडर, लागत नाही, कारण नव्वद अंशांत कुणीच वळत नाही. जागा कमी वाटली तर हिच मागच्या एक्सलच्याही मागे बसवा. टेलगेट काढा, जागा वाढते. नवे ट्रेलर कसेही वळतात. गूसनेकचा अ‍ॅडॉप्टर तेच काम स्वस्तात करतो. आणि जाहिरातीतली टोइंग (ओढण्याची) क्षमता पाहिली की वजनाचा प्रश्न संपला, 14,000 पौंडांचा ट्रेलरही चालतो.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की न्हावा-शेव्याहून निघणारे कंटेनरचे ट्रेलर नाकाखालच्या ज्या उभ्या खिळ्याने, म्हणजे किंगपिनने, पुढच्या गाडीला जोडलेले असतात, त्याच जातीची ही जोडणी आहे. फक्त इथे ती पिकअपच्या बेडमध्ये, मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे बसते.

आता ते नव्वद अंश. माझ्या ट्रकचा बेड साडेसहा फुटी आहे. हिचच्या मध्यापासून कॅबच्या मागच्या काचेपर्यंत 40 इंच भरतात. ट्रेलरची रुंदी 96 इंच, म्हणजे किंगपिनच्या दोन्ही बाजूंना 48 इंच. ट्रेलरचं नाक सपाट असेल आणि पिन बरोबर नाकाखाली असेल, तर गाडी वळताना कोपरा 48 इंच त्रिज्येने फिरतो. जागा आहे 40. कागदावर आकृती काढून पाहा, कोपरा साधारण 56 अंशांनाच काचेला टेकतो. नव्वद गाठायची वेळच येत नाही. नाक पिनच्या 12 इंच पुढे आलेलं असेल तर टक्कर त्याहूनही आधी, चाळीसेक अंशांत. साडेपाच फुटी बेडमध्ये पुढची जागा आणखी कमी.

आणि असं कुणी वळत नाही म्हणे! हायवेवर नाही वळत. पण ट्रेलर उलटा घालायची वेळ येते तेव्हा सगळेच वळतात. तीन वर्षांपूर्वी टेक्सासच्या हिल कंट्रीतल्या एका स्टेट पार्कमध्ये संध्याकाळी पाऊस लागला होता. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना झाडं. माझ्याकडे मॅन्युअल स्लायडर होता, पण घाईत मी उतरून लिव्हर ओढायची विसरलो. गाडी माणसाच्या चालीने मागे जात होती आणि मागची काच फुटली. मागच्या सीटवर माझी मुलगी बसली होती. तिला लागलं नाही, पण तिच्या केसांतून काचेचे तुकडे वेचताना बायकोचे हात थरथरत होते. मेसेज लिहिणाऱ्याला हे कधी करावं लागलेलं दिसत नाही.

म्हणून मॅन्युअल स्लायडर घेणाऱ्यालाही मी सांगतो, की तो तुमच्या आठवणीवर चालतो. थांबायचं, ट्रेलरचे ब्रेक लावायचे, लिव्हर ओढायची, ट्रक हळूच पुढे घ्यायचा म्हणजे हिच मागे सरकतो. वळण झालं की उलट क्रमाने पुन्हा पुढे आणून लॉक करायचा. ऑटोमॅटिक स्लायडर वळणाबरोबर आपोआप मागे जातो. तो बराच महाग आणि जड असतो. शिवाय ट्रेलरच्या पिनबॉक्सला (किंगपिन धरणाऱ्या नाकाखालच्या भागाला) जुळणारी कॅप्चर प्लेट लागते, त्यामुळे मित्राचा ट्रेलर आयत्या वेळी ओढता येत नाही. माझ्याकडे आता तोच आहे.

फिक्स्ड हिच कायमचा एक्सलच्या मागे बसवण्याचा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. पिनचं वजन एक्सलच्या मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग पुढच्या चाकांवर असतं. स्लायडर मागे सरकतो तो फक्त पार्किंगच्या वेगात, तो याचसाठी.

टेलगेटचं काय बोलावं? अडचण बेडच्या पुढच्या टोकाला आहे, टेलगेट मागच्या.

एक गोष्ट मान्य करावी लागते. बऱ्याच नव्या ट्रेलरांच्या नाकाचे कोपरे आत कापलेले असतात, पिनबॉक्स पुढे काढलेला असतो, आणि साडेसहा फुटी बेडमध्ये असा ट्रेलर फिक्स्ड हिचवर खरोखर नव्वद अंशांपर्यंत वळू शकतो. पण कोणत्या ट्रकच्या मागे, कोणत्या पिनबॉक्सवर? किंगपिनपासून कोपऱ्यापर्यंत टेप लावल्याशिवाय ते कळत नाही. चुलतभावाने पसंत केलेला ट्रेलर जुना, सपाट नाकाचा आहे.

गूसनेक अ‍ॅडॉप्टर म्हणजे किंगपिनला खाली जोडलेला लांब दांडा. तो लांबला की पिनबॉक्सवर आणि चौकटीवर येणारा पीळ वाढतो. असा अ‍ॅडॉप्टर बसवण्याआधी चौकटीच्या वॉरंटीच्या अटी वाचा.

राहिलं वजन. यासाठी जाहिरात नको, ड्रायव्हरचं दार उघडा. अमेरिकेत फेडरल मोटार व्हेइकल सेफ्टी स्टँडर्ड क्र. 110 प्रमाणे तिथे टायर आणि वजनाचं लेबल असतं, आणि त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये ते छापलेलं असतं. ते त्याच ट्रकचं असतं, जाहिरातीतल्या ट्रकचं नव्हे. फिफ्थ व्हीलचं साधारण 20 टक्के वजन पिनमधून थेट ट्रकवर येतं. चुलतभावाच्या लेबलवर 3,050 पौंड आहेत. मेसेजमधल्या 14,000 पौंडी ट्रेलरची पिनच 2,800 होते. त्यावर हिच 250, घरची चार माणसं 650. बेरीज 3,700. त्याने पाहिलेला ट्रेलर भरून 10,500 चा आहे, म्हणजे पिन 2,100 आणि बेरीज 3,000. म्हणजे 50 पौंड शिल्लक, आणि खाण्यापिण्याची थंड पेटीही (कूलर) त्यातच. स्लायडर घे म्हणणारा मी, पण तो फिक्स्डपेक्षा जड असतो हेही त्याच्या डोळ्यांसमोर ठेवलंय.

त्याने ऑर्डर थांबवली आहे. शनिवारी आम्ही दोघं टेप घेऊन तो ट्रेलर बघायला जातोय.