इविंगला कोचिंग येतच नव्हतं म्हणणाऱ्यांनो, 75-109 जरा नीट वाचा

एनबीएचा जुना बास्केटबॉल स्टार पॅट्रिक इविंग, त्याचं नाव निघालं की ठरलेलं ऐकू येतं: जॉर्जटाऊनने, म्हणजे त्याच्याच जुन्या कॉलेजने, नुसत्या नावावर कोच केला, 75 मॅच जिंकल्या 109 हरल्या, 2021 ची बिग ईस्ट (जॉर्जटाऊन खेळतं ती कॉलेज लीग) ट्रॉफी म्हणजे तुक्का, त्याला कोचिंग येतच नव्हतं, विषय संपला. नाही संपत विषय.

आधी 75-109 घ्या. आकडा खरा आहे, पण सहा सीझनची एकच मोट बांधली की काहीच कळत नाही. पहिली चार वर्षं 62-59, म्हणजे भारी नाही पण अगदीच टाकाऊही नाही, आणि शेवटची दोन 13-50! एवढा कडेलोट का झाला हा खरा प्रश्न आहे आणि "येतच नव्हतं" म्हटलं की तो विचारायलाच नको.

नुसतं नाव म्हणाल तर जॉर्जटाऊनच्या आधी हा माणूस वर्षानुवर्षं एनबीएमध्ये असिस्टंट कोच होता, ऑर्लँडोत ड्वाइट हॉवर्डसारख्या सेंटरवर (बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेयर) मेहनत घेतली, 2009 ला ती टीम फायनल खेळली. हेड कोच म्हणून मात्र एकाही एनबीए टीमने घेतलं नाही.

आता तुक्का. हे मला सगळ्यात जास्त लागतं. सीझनआधी बिग ईस्टमध्ये शेवटचा नंबर दिलेली टीम, आठव्या सीडवरून (स्पर्धेतला क्रमांक) मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये चार दिवसांत चार मॅच जिंकते. आधी मार्क्वेटला हरवलं, मग टॉप सीड व्हिलानोवाला 72-71, डांटे हॅरिस नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा शेवटच्या काही सेकंदात दोन्ही फ्री थ्रो घालतो. मग सीटन हॉल आणि फायनलला क्रेटन 73-48. हो, व्हिलानोवाचा मुख्य प्लेयर गिलेस्पी जखमी होता, मान्य. पण 25 पॉइंटने फायनल कोणी तुक्क्यात जिंकत नाही, क्रेटनसारख्या शूटिंगवाल्या टीमला 48 वर रोखायला डिफेन्स लागतो आणि तो कोणीतरी शिकवलेला असतो.

दुसरा कोच असता तर? इविंगनंतर एड कूली आला, प्रॉव्हिडन्स कॉलेजला 2022 मध्ये स्वीट 16 ला (देशभरच्या कॉलेज स्पर्धेतल्या शेवटच्या 16 टीम) नेलेला माणूस. पहिल्या सीझनला 9-23, बिग ईस्टमध्ये 2-18, म्हणजे इविंगच्या शेवटच्या वर्षी होतं तेच. कूलीला कोचिंग येत नाही असं म्हणायचं का मग?

इविंग चुकला ते प्लेयर पोरं टिकवण्यात. डिसेंबर 2019 मध्ये अकिंजो आणि लेब्लांक गेले, 2020 ला मॅकक्लंग टेक्सास टेकला गेला, आणि ट्रॉफी जिंकल्यावर सेंटर वहाबसुद्धा मेरीलंडला. त्याच 2021 मध्ये नियम बदलला, एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची गरज उरली नाही, बाकीच्या कोचेसनी भराभर तयार प्लेयर उचलले, ह्याला ते जमलंच नाही आणि पुढच्या सीझनला बिग ईस्टमध्ये 0-19. मार्च 2023 ला काढलं ते योग्यच होतं, मी तिथे त्याची बाजू घेत नाही. पण काढलं ते टीम बांधता आली नाही म्हणून.