सह्याद्रीतली शिखरं म्हणजे झोपलेले ज्वालामुखी नव्हेत

कळसूबाई, हरिश्चंद्रगड हे झोपलेले ज्वालामुखी असून कधीही जागे होतील, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा आला तो मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून, आणि थरावर थर साचला. माळशेज घाटात कड्याकडे नीट बघा, आडव्या पायऱ्या दिसतात; तेच हे थर. काळ्या दगडातली बारीक भोकं म्हणजे त्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. किती सुंदर दिसतात ती! शिखरं नंतर घडली, पावसापाण्याने आजूबाजूचा दगड झिजून.

वज्रेश्वरीची गरम कुंडंही पुरावा नाहीत. पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि वर येतं.