'विद्यापीठ नाशिकलाच आहे, काम होऊन जाईल': हा मेसेज पुढे पाठवू नका

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: नीट क्वालिफाय झालं की एमबीबीएस पक्कं, आरोग्य विद्यापीठ नाशिकला असल्याने इथल्या मुलांना इथल्या कॉलेजांत प्राधान्य, मोठी कॉलेजं पसंतीच्या यादीत वर टाकली तर हाताशी असलेली सीटही जाते, आणि काहीच नाही जमलं तर मॅनेजमेंट कोटा आहेच. यातलं एकही खरं नाही, आणि भोगायचं मुलांना असतं.

क्वालिफाय होण्याला खुल्या प्रवर्गात ५० पर्सेंटाइल पुरतात (म्हणजे परीक्षा देणाऱ्या निम्म्या मुलांच्या पुढे असणं), राखीव प्रवर्गात ४०. २०२४ साली देशभरात १३ लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखही नव्हत्या. बारावीचे गुणही पात्रतेपुरतेच, मेरिट लागतं ते नीटवर.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला आहे, खरं. पण ते संलग्नता देतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. जागावाटप राज्याचा प्रवेश कक्ष, म्हणजे सीईटी सेल करतो, तोही मुंबईहून. शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा तर थेट दिल्लीहून, देशपातळीवर भरतात. पूर्वी ७०:३० चं सूत्र होतं (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातून), पण तेही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असं, जिल्ह्याचं नव्हे. २०२० मध्ये तेही रद्द झालं. नाशिकमधल्या आडगावच्या मेडिकल कॉलेजची सीट इथल्याच सिडकोतल्या मुलाला जितकी खुली, तितकीच लातूरच्या मुलीला.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो पसंतीक्रमाचा दावा. समजा, कळवणच्या एका मुलीचा राज्य मेरिट क्रमांक ४२०० आहे. तिने पहिलं मुंबईचं जे. जे., दुसरं पुण्याचं बी. जे., तिसरं धुळे लिहिलं. तिच्या आधीच्या सगळ्यांचं वाटप झाल्यावर तिची यादी उघडते. जे. जे. भरलं, बी. जे. भरलं, धुळ्यात तिच्या प्रवर्गात जागा आहे: धुळे तिचं. ४२०१ क्रमांकाच्या मुलाने धुळे पहिल्या नंबरवर लिहिलं असलं तरी तो तिच्या मागेच. वरची दोन कॉलेजं लिहिल्याने तिचं काहीच गेलं नाही. उलट 'सेफ' म्हणून तिने धुळे पहिलं टाकलं असतं आणि नेमकी बी. जे. ला जागा उरली असती, तर ती तिला कधीच मिळाली नसती. म्हणून जे मनापासून हवं तेच वर लिहा आणि यादी लांब ठेवा.

मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्या खासगी कॉलेजांतल्या संस्थात्मक जागाही नीटच्या मेरिटनेच भरतात. फी तेवढी जास्त असते. रोख घेऊन 'सीट लॉक करतो' म्हणणाऱ्याच्या हातात कुठलीच सीट नसते. त्याला एक रुपयाही देऊ नका.

ज्याने खरोखर सीट जाते, ते मात्र मेसेजमध्ये येतच नाही: कागद. सुरगाणा, पेठकडची हुशार मुलं चांगले गुण मिळवतात आणि जात वैधता प्रमाणपत्रापाशी (जातीचा दाखला तपासून खरा ठरवणारा कागद) अडकतात. राखीव जागेवर दावा करायचा तर ते लागतंच. ओबीसींना नॉन-क्रीमी लेअरचं (उत्पन्न मर्यादेत असल्याचं) प्रमाणपत्रही. आधार, शाळेचा दाखला आणि मार्कशीटवरचं नाव एकसारखं आहे ना, तेही आत्ताच बघा. वैधतेचा अर्ज निकालाची वाट न बघता अकरावीतच कॉलेजमार्फत टाका, आणि वडील, काका, आत्या यांच्यापैकी कुणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत सोबत जोडा.