ती बॅटरी आधी बंद करा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. वेळ नसेल तर लाइक करून पुढे जा, मला कळणार नाही.

सकाळी स्केल मॉडेलच्या प्रदर्शनाला गेले होते. विमानांच्या टेबलावर अगदी कडेला एक १/७२ चं (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) स्पिटफायर होतं, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने केलेलं. रंग ब्रशने मारलेला, एका पंखावर ब्रशचा केस अडकून तसाच वाळलेला. कॅनॉपीवर, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, गोंदाचा पांढुरका डाग. डावा पंख उजव्यापेक्षा जरासा वर. पोरगं शेजारीच उभं होतं, कुणी काही विचारलं तर धडाधडा सांगायच्या तयारीत.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. खिशातून पेनाएवढी बॅटरी काढली, विमान न विचारता उलटं केलं आणि चाकांच्या खोबणीत उजेड पाडून सुरू झाले. पोटाचा रंग चुकलाय, स्काय नावाची छटा इतकी निळी नसते. पाठीवरची जोडरेषा दिसतेय. पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) वॉश (पातळ गडद रंग) का नाही दिला? वेदरिंग (विमान वापरून मळलेलं दिसावं म्हणून केलेलं रंगकाम) तर काहीच नाही, अगदी खेळणं वाटतंय. मुलगा प्रत्येक वाक्याला "हो काका" म्हणत होता. दुपारनंतर मी परत त्या टेबलापाशी गेले तेव्हा स्पिटफायर तिथे नव्हतं. मुलगाही नव्हता.

त्या गृहस्थांचं स्वतःचं मॉडेल अप्रतिम होतं, हे सांगून टाकते. झालं सांगून.

आता माझं ऐका. माझा मामा विमानांच्या देखभालीत होता. एअरफ्रेम फिटर. आयुष्यभर खऱ्या विमानांचे पत्रे काढले, बसवले, ठोकले. मी लहानपणी पहिलं मॉडेल केलं तेही स्पिटफायरच. ट्यूबमधला गोंद, त्याच्या तारा सुटायच्या आणि बोटांवरून त्या सगळीकडे जायच्या. कॅनॉपीवर माझ्या अंगठ्याचा ठसा असा उमटला की पायलटला बाहेरचं काही दिसणं शक्यच नव्हतं. ते मी मामाला दाखवलं. त्याने हातात घेतलं, उलटं केलं (हो, त्यानेही उलटंच केलं, पण आधी "बघू का?" असं विचारून) आणि एकच प्रश्न केला, "याची चाकं कुठल्या बाजूला दुमडतात गं?"

मला येत होतं. चाकांचे पाय मीच चिकटवले होते ना! म्हटलं, "बाहेरच्या बाजूला, पंखांच्या टोकांकडे." "मग उभं असताना पाय कुठे असतात?" "पोटाजवळ." मग त्याने टेबलावर दोन बोटं जवळजवळ उभी केली आणि मनगट हलवलं. बोटं डुगडुगली. मग बोटं फाकवून ठेवली, पुन्हा मनगट हलवलं. यावेळी हलली नाहीत. "हे हरिकेन, त्याच काळातलं दुसरं लढाऊ विमान. त्याची चाकं आत दुमडतात, म्हणून पाय लांब लांब असतात. खडबडीत मैदानावर कुठलं बरं?" बस. अंगठ्याच्या ठशाबद्दल अवाक्षर नाही.

आजच्या बॅटरीवाल्यांनी त्या मुलाला हा एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं?

मंडळी, आपल्या या छंदात गेल्या काही वर्षांत काहीतरी फार विचित्र झालंय. किट सुधारले, यात वाद नाही. आताचे साचे संगणकावर आखलेले असतात आणि भाग एकमेकांत असे बसतात की सांध्याला पातळ सिमेंटचा ब्रश नुसता टेकवला की ते आपोआप फटीतून पळत जातं, प्लॅस्टिक विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. फटी बुजवायच्या पुटीची बाटली कपाटात सुकून जाते. कॉकपिटमधली घड्याळं थ्रीडी प्रिंट करून मिळतात, भिंगातून वाचता येतील एवढी नीट. माझ्या आताच्या डोळ्यांना हे सगळं वरदान आहे, खोटं कशाला बोलू? पण किट जसजसे सोपे होत गेले तसतशी आपण परीक्षा अवघड करत नेली. किट कमी पडतो म्हणून रेझिनच्या सीट, पितळी पत्र्याच्या कातीव पट्ट्या, रंगवताना भाग झाकायच्या मास्कचे तयार संच, वेगळे एक्झॉस्ट. हे सगळं जमेपर्यंत डबा उघडायचा नाही. मग डब्यांवर डबे. माझ्याकडेही आहेत, पुढे बोला.

हे सगळं कशासाठी, तर म्हणे खरं दिसलं पाहिजे.

खरं? मग खऱ्याचंच बोलू या.

पॅनल लाइनपासून सुरुवात. जुन्या किटवर रेषा उंचवट्याच्या असायच्या, कारण पोलादी साच्यात रेघ कोरणं सोपं आणि साच्यात खोल गेलेली रेघ प्लॅस्टिकवर वर येते. मग खोलगट रेषांचे किट आले आणि उंचवट्याच्या रेषा गावंढळ ठरल्या. ठीक आहे. पण १/७२ च्या मॉडेलवर ०.२ मिलिमीटर रुंदीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर किती? १४ मिलिमीटरच्या वर. बोट घालावं एवढी फट! अशा फटी घेऊन कुठलं लढाऊ विमान उडत होतं ते मला दाखवा. आणि त्या फटीत आपण वर काळा वॉश ओततो, म्हणजे ती आणखी उठून दिसते.

मामा निवृत्त झाल्यावर एकदा मी त्याला माझं एक नवं मॉडेल दाखवलं होतं. एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) रंगवलेलं, आधी रेषांवर गडद छटा, वरून वॉश, सगळं शास्त्रोक्त. मी ऐटीत. त्याने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे एवढं तेल कुठून गळतंय?" मी म्हटलं, "मामा, ते पॅनल लाइन उठून दिसाव्यात म्हणून असतं." तर म्हणाला, "असं विमान मी उड्डाणाला सोडलंच नसतं. आधी कोणाची ड्यूटी होती ते विचारलं असतं." मी तेव्हाही हसले होते, आत्ता लिहितानाही हसतेय.

आता रंग. रंगावरून तर आपल्यात मैत्र्या तुटल्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या एखाद्या विमानाची नेमकी छटा कुठली यावर लोक रात्र रात्र भांडतात. पुरावा काय? कृष्णधवल फोटो. त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. पिवळा काळपट यायचा, निळा फिका पडायचा. त्यामुळे काही फोटोंत ब्रिटिश विमानांच्या गोल खुणेभोवतीचं पिवळं कडं जवळजवळ काळं दिसतं. अशा फोटोवरून तुम्ही हिरव्याची छटा ठरवणार? त्यात उन्हाने उडालेला रंग, मैदानावरच मारलेला दुसरा हात, इंधनाचे ओघळ. मामाला मी एकदा विचारलं होतं की दुरुस्तीनंतर रंग कसा जुळवायचात. म्हणाला, "स्टोअरला जो डबा असेल तो."

स्टोअरला जो डबा असेल तो! माझं चाललं असतं तर हे वाक्य प्रत्येक प्रदर्शनाच्या दारावर लावलं असतं.

रंगाला नियमच नव्हते असं नाही, हे मला मान्य आहे. फॅक्टरीतून निघताना रंगाचं प्रमाण ठरलेलं असायचं, त्याचे नमुने जपून ठेवलेले आहेत आणि ज्याला त्यात खोल जायचंय त्याने जरूर जावं. मला स्वतःला ते वाचायला आवडतं. पण ती आवड झाली. तिची छडी करून लहान पोरांच्या हातावर मारू नका.

आणि ज्यांना वाटतं की हा छंद पहिल्यापासून असाच काटेकोर होता, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळांतल्या मुलांकडून पाच लाख लाकडी विमानं मागवली होती. ५० प्रकार, प्रत्येकी दहा हजार. स्केल तेच, १/७२, म्हणजे एक इंचाला सहा फूट. ती कशाला, तर आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं म्हणून. त्यांचा रंग? सरसकट काळा. ना खुणा, ना छटा, ना पॅनल लाइन. आकाशात ठिपका दिसला की जीव वाचवायला फक्त आकृती लागते. ही पोरांनी हाताने तासलेली मॉडेलं होती आणि त्यांच्यावर जीवनमरणाचे निर्णय शिकवले जात होते. त्यांना कोणी "खेळणं" म्हटलं असेल असं वाटत नाही.

एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीने १९५० च्या दशकात पहिलं प्लॅस्टिकचं विमान काढलं तेही स्पिटफायरच आणि ते फार अचूक होतं असं आजचा कुणीही म्हणणार नाही. पण तेव्हाचे किट साध्या पिशवीत यायचे, वर कागदाची पट्टी, त्या पट्टीच्या आतल्या बाजूला सूचना. मुलं पिशवी फाडायची आणि बसल्या बैठकीत विमान करायची. टामिया या जपानी किट कंपनीची सुरुवात तर लाकूड कापण्याच्या गिरणीतून झाली. आज ज्यांच्या किटची आपण आरती ओवाळतो ते लोक आधी लाकडाचं काम करत होते आणि प्लॅस्टिकची विमानं नंतर आली. म्हणजे बदल या छंदाच्या रक्तातच आहे. लाकूड गेलं, प्लॅस्टिक आलं, आता प्रिंटर आलाय. काही जण प्रिंटरवाल्यांना नाकं मुरडतात, "यात तुमचं कौशल्य काय?" म्हणतात. बाळसा लाकूड तासणाऱ्यांनी प्लॅस्टिकवाल्यांना हेच विचारलं असणार. प्रिंटर वापरणाऱ्यांनी वापरावा, मला त्यावर जास्त बोलायचंच नाहीये.

मला राग बदलाचा नाहीच. राग याचा आहे की आपण एक शैली पकडली आणि तिला सत्य म्हणायला लागलो. काळ्या रेषा, उडालेले रंग, प्रत्येक विमान जणू वर्षभर चिखलात पडलेलं. ती सुंदर दिसते, मीही तशीच रंगवते. नाटकातल्या मेकअपसारखी आहे ती, शेवटच्या रांगेतून नाक दिसावं म्हणून गडद काढलेली. पण मेकअप न केलेल्या माणसाला "तुझा चेहरा खरा वाटत नाही" म्हणायचं म्हणजे कमालच झाली!

हे लिहिता लिहिता थोडी शांत झाले. त्या गृहस्थांबद्दल विचार करतेय. त्यांना त्या मुलाचा अपमान करायचा नव्हता बहुतेक. त्यांच्या मते ते मदतच करत होते. एवढं ज्ञान साठवलेलं, घरात कोणी ऐकायला नसेल, समोर एक श्रोता मिळाला. आपल्यापैकी कितीजणांचं असंच असतं? वर्षानुवर्षं एकटं बसून करायचा छंद, कोणाशी बोलायची सवय नाही, मग तोंड उघडलं की दुरुस्तीच बाहेर पडते. समजू शकते मी. पण मामाही एकटाच असायचा आणि त्याला त्यांच्यापेक्षा शंभरपट माहिती होती. तरी त्याने आधी प्रश्न विचारला.

नाही, पुन्हा चिडले. कारण आठवलं की मुलाने विमानाच्या चाकांच्या झाकणांना आतून वेगळा रंग दिला होता. ब्रशने, किंचित बाहेर गेलेला, पण दिला होता. म्हणजे तिथे आतून बघणारं कोणीतरी येईल असं त्याने धरलं होतं. बॅटरीचा उजेड नेमका तिथेच पडला होता आणि त्यावर एक शब्द आला नाही.

काहीजण आता खाली लिहिणार, "टीकेशिवाय सुधारणा कशी होणार?" होते हो टीकेने सुधारणा. मागितली तर. पाठीवरची जोडरेषा कशी घासायची हे त्याने विचारलं असतं तर मीच पॉलिश पेपर घेऊन बसले असते. ओला करून घास, आधी जाड, मग बारीक, आणि नख फिरवून बघ, डोळ्यांवर विश्वास ठेवू नको. हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि बॅटरी लागत नाही.

असो. माझ्या टेबलावर सध्या मस्टँग आहे, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान. खऱ्या मस्टँगच्या पंखावरून हवा गुळगुळीत वाहावी म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट पुटीने भरून, घासून, वरून रंग देत असत. बाकीचं विमान उघड्या धातूचं ठेवलं तरी पंखावर चंदेरी रंग असायचा. किटवर मात्र तिथे सगळ्या रेषा ठळक कोरलेल्या आहेत. आज रात्री त्या बुजवायला घेतेय. पुढच्या प्रदर्शनात हे विमान टेबलावर ठेवणार आहे आणि शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. "पंखावरच्या पॅनल लाइन कुठे गेल्या?" असं पहिलं कोण विचारतंय ते बघायचंय मला.