जोड दाखवा की राव

जुन्या बंदुकांच्या दुरुस्तीवरच्या लेखात म्हटलंय की कापलेली नळी परत ४० इंच केली म्हणजे १८६१ ची स्प्रिंगफिल्ड बंदूक 'पुन्हा ओरिजिनल' झाली, हे काही पटलं नाही बुवा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर या ठासणीच्या बंदुका स्वस्तात विकल्या गेल्या, मग शेतकऱ्यांनी नळ्या कापल्या, आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा घासून काढून छर्ऱ्याच्या बंदुका केल्या, पुढचं लाकूडही उडवलं, आणि तोही त्या बंदुकीचा इतिहासच आहे ना? आता दुसऱ्या मोडक्या नळीचा तुकडा वेल्ड करून लांबी भरून काढतात, ठीक आहे, भिंतीवर छान दिसते. पण जोड बरोबर कडीखाली, म्हणजे नळी लाकडाला आवळून धरणाऱ्या पट्टीखाली, येईल असा बसवतात त्याचं काय, तीन कड्या असतात, एक सरकवली की झाकलं! म्हणून घेणाऱ्याने आधी कड्या उतरवायला लावाव्यात आणि नळीत बारीक दिवा सोडून बघावं. खाचा तीनच असतात आणि तोंडाकडे उथळ होत जातात, त्यामुळे तुकडा कितीही निगुतीने लावला तरी आत कुठेतरी पायरी दिसतेच, आणि मागचा भाग छर्ऱ्यासाठी घासलेला असेल तर अर्धी नळी गुळगुळीत आणि पुढे अचानक खाचा, हसूच येतं. काम करणाऱ्याच्या हाताला सलाम, खरंच, पण नळीच्या खालच्या बाजूला, लाकडात झाकली जाते तिथे, दुरुस्तीचं वर्ष कोरायला काय जातं? आणि हो, असल्या जोडाच्या नळीतून बार काढायच्या भानगडीत कोणी पडू नका प्लीज.