कॉलेजच्या मुलींना एसटी ‘फुकट’ होती?

‘2000 च्या सुमारास कोकणात कॉलेजच्या मुली एसटीने फुकट जायच्या,’ असा मेसेज फिरतोय. चूक आहे. फुकट पास अहिल्याबाई होळकर योजनेतला, म्हणजे शाळेच्या मुलींचा. कॉलेजला मुलगे-मुली दोघांनाही सवलतीचा मासिक पास असे: 66.67 टक्के सूट, म्हणजे दहा दिवसांच्या जाण्यायेण्याच्या भाड्यात महिना. एका वेळचं तिकीट 6 रुपये धरलं तर पास 120 चा. फॉर्मवर कॉलेजचा सही-शिक्का घ्यायचा, फोटो चिकटवायचा आणि आगाराच्या खिडकीवर रांग. पास ठरलेल्या मार्गापुरताच. राजापूर-रत्नागिरीचा पास चिपळूणला कसा चालणार? जुलैत मात्र खरी पंचाईत. प्लास्टिकच्या कव्हरात पाणी शिरलं की शिक्क्याची शाई फोटोवर उतरायची, आणि कंडक्टर पास उजेडात धरून तारीख शोधत बसायचा.