मामा, "चर्च मेक्सिकन लोकांना जेवण देऊन बाटवतं" हा फॉरवर्ड आधी डिलीट करा

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी टाकलेला मेसेज बऱ्याच जणांकडे फिरतोय. मजकूर असा, की अमेरिकेतली चर्च मेक्सिको, ग्वाटेमालाच्या घुसखोरांना फुकट जेवण देऊन ख्रिश्चन करतात, आत लपवतात, तिथे पोलीस जाऊ शकत नाहीत, पैसा सरकारचा, नंतर त्यांची मतं घेतात, आणि आपल्या लोकांनी यांच्यापासून लांब राहावं. मी सोडून दिलं असतं, पण आई सध्या आमच्याकडे टेक्सासला आहे आणि तिने हे वाचलं. शेजारच्या मेक्सिकन काकूंनी पोसादाला (नाताळाआधीचा त्यांचा सण), आम्ही मांस खात नाही म्हणून मुद्दाम मिरची-चीजचे तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले पदार्थ, करून आणले, ते ताट आईने दारातूनच परत पाठवलं. मला अजून त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

"जेवण देऊन ख्रिश्चन करतात." अहो पण कोणाला? ते बहुतेक आधीच ख्रिश्चन आहेत. स्पॅनिश लोकांनी मेक्सिको 1521 ला जिंकलं, ग्वादालूपेच्या मरियेची (येशूची आई तिथे प्रकट झाली, या श्रद्धेची) परंपरा 1531 पासूनची मानतात. तेव्हा जबरदस्ती झाली, ते कोणी नाकारत नाही, पण त्याला पाचशे वर्षं होत आली. आज सीमा ओलांडणाऱ्या बाईच्या पर्समध्ये त्या मरियेचं चित्र बऱ्याचदा आधीच असतं. 1966 ला मेक्सिकन वंशाचा कामगार नेता सेझार चावेझने शेतमजुरांना घेऊन कॅलिफोर्नियात डेलानो ते सॅक्रामेंटो मोर्चा काढला तेव्हा पुढे तिचंच निशाण होतं. आणि आकडेच हवे असतील तर प्यू रिसर्च या सर्वेक्षण संस्थेचे बघा, अमेरिकेतल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) प्रौढांमध्ये कॅथलिक 2010 मध्ये 67 टक्के होते ते 2022 मध्ये 43 वर आले, "कुठलाच धर्म नाही" म्हणणारे 10 वरून 30 वर गेले, आणि प्रोटेस्टंट साधारण होते तिथेच, 21 टक्के. जेवणाच्या ताटावर माणसं बाटत असती तर हे आकडे असे दिसले असते का? काही चर्चमध्ये जेवणाबरोबर प्रवचन ऐकवतात हे खरंय, मलाही ते पटत नाही. पण ऐकवणारा पास्टर अनेकदा त्यांच्यातलाच, स्वतः इमिग्रंट म्हणून आलेला असतो.

"पोलीस जाऊ शकत नाहीत" हे तर धोकादायक आहे, कारण यावर विश्वास ठेवून कोणी खरंच अडकेल. 1982 मध्ये अॅरिझोनातल्या टूसानच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वादोर, ग्वाटेमालाच्या निर्वासितांना उघडपणे आसरा दिला, आणि 1986 मध्ये तिथले पास्टर जॉन फाइफ आणि इतर काही जण कोर्टात दोषी ठरले. चर्चमध्ये शक्यतो कारवाई टाळा अशी 2011 पासून इमिग्रेशन खात्याची सूचना होती, कायदा नव्हता, ती सूचनाही जानेवारी 2025 मध्ये काढून टाकली. त्याच जुलैत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचे बिशप अल्बेर्तो रोहास यांना सांगावं लागलं की धाडीची भीती असेल तर रविवारच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) नाही आलात तरी चालेल. लोक चर्चला यायला घाबरतायत, आणि इथे म्हणे लपून बसलेत.

सरकारी पैशाचं अर्धं खरं आहे, मान्य. निवाऱ्याच्या खर्चासाठी फेडरल पैसा चर्चच्या संस्थांना मिळत होता. पण टेक्सासच्या सीमेवरच्या मॅकॅलनला कॅथलिक नन सिस्टर नॉर्मा पिमेंतेल यांनी 2014 ला जे केंद्र सुरू केलं तिथे यायची ती माणसं बॉर्डर पेट्रोलने, म्हणजे सरकारच्याच सीमा पोलिसांनी, स्वतः नोंद करून सोडलेली असायची. अंघोळ, कपडे, गरम सूप, पुढच्या बसचं तिकीट कसं काढायचं ते सांगणं. यात लपवलं काय?

मतांचं तर सोडाच, नागरिक नसलेल्याने फेडरल निवडणुकीत मत देणं 1996 च्या कायद्याने गुन्हा आहे.

राहिलं "यांच्यापासून लांब राहा". मामा, तुम्ही दौंडचे, पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागतं ना? तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 ला मोठं ख्रिस्ती धार्मिक जागरण झालं. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला पाठवली, आणि 1909 ला वालपाराइसोत जे सुरू झालं त्यातून चिलीतली पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी) चर्च उभी राहिली. ज्यांना तुम्ही परके म्हणताय त्या लॅटिन अमेरिकी लोकांतल्या काहींच्या प्रार्थनेचा एक धागा तुमच्या तालुक्यातून गेलाय.

आईला हे सगळं काल रात्री बसून सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्या बाईंना इंग्रजी येतं का, मला त्यांच्याशी बोलायचंय.